कंटेनरने काय मोडलं, काय उभं केलं

१९५६ साली अमेरिकेच्या बंदरात सुटा माल हाताने जहाजावर चढवायचा तर टनामागे सुमारे ५ डॉलर ८६ सेंट खर्च यायचा. त्याच वर्षी २६ एप्रिलला न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालेल्या ‘आयडियल एक्स’ या जहाजावर हेच काम टनामागे १६ सेंटांत झालं. जहाज जुनंच होतं. दुसऱ्या महायुद्धातलं तेलवाहू जहाज घेऊन त्याच्या डेकवर सांगाडा बसवला होता आणि त्यावर ट्रकच्या मागे असतात तसे ५८ डबे ठेवले होते. चाकं नाहीत, नुसते डबे.

भांडवलशाहीत नवी कल्पना जुनी व्यवस्था कशी मोडते आणि त्यातून नवी कशी उभी राहते, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. मोबाइल, इंटरनेट, एआय ही उदाहरणं आपल्या इतकी जवळ आहेत की नीट दिसत नाहीत. कंटेनरला सत्तर वर्षं होत आली. कोण बुडालं, कोण तरलं, किती वर्षं लागली, हे सगळं आता नोंदलेलं आहे.

आधी काय होतं ते पाहू. १९५४ साली ‘वॉरियर’ नावाचं एक मालवाहू जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला गेलं आणि त्या एका खेपेचा हिशेब तज्ज्ञांनी बारकाईने मांडला. माल होता साधारण ५,००० टन, पण नग होते १ लाख ९४ हजारांहून जास्त! खोकी, पुठ्ठ्याचे डबे, गोण्या, पिंपं, गाठोडी, शिवाय काही गाड्या. प्रत्येक नग कुणीतरी उचलला, नोंदवला, जाळ्यात घातला, जहाजाच्या पोटात उतरवला आणि हलू नये म्हणून पाचर मारून पक्का केला. नुसत्या लाकडाफळ्यांना आणि दोरांना पाच हजार डॉलर लागले. एकूण खर्चात प्रत्यक्ष समुद्रप्रवासाचा वाटा जेमतेम साडेअकरा टक्के, आणि दोन्ही टोकांच्या बंदरांचा एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे अटलांटिक ओलांडणं स्वस्त होतं. महाग होता तो धक्का.

त्या धक्क्यावर जगभर माणसांचं एक विश्व होतं. लिव्हरपूल असो, न्यूयॉर्क असो की मुंबईची गोदी, हातात लोखंडी आकडा, वीसेक जणांची टोळी, टोळीचा मुकादम, रोज सकाळी कामाची वाट पाहणारी गर्दी. काम अंगमेहनतीचं आणि धोक्याचं. चोरीमारीही भरपूर. गोदी कामगाराला दिवसाला वीस डॉलर मिळतात आणि वर घरी नेता येईल तेवढी स्कॉच, असा एक विनोद न्यूयॉर्कमध्ये प्रचलित होता.

हे विश्व मोडणारा माणूस बंदरावरचा नव्हता. माल्कम मॅकलीन हा नॉर्थ कॅरोलिनातला ट्रकवाला. १९३४ साली एका जुन्या ट्रकवर सुरुवात करून त्याने मोठी वाहतूक कंपनी उभी केली होती. तरुणपणी धक्क्यावर ट्रकमध्ये तासन् तास ताटकळत बसला असताना त्याला कंटेनर सुचला, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. इतिहासकारांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. खरं कारण रुक्ष आहे आणि म्हणूनच जास्त पटणारं. पन्नासच्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रस्ते गाड्यांनी तुंबायला लागले होते. ट्रकचे मागचे डबे जहाजावर घालून न्यावेत, असा हिशेब त्याने केला. मग लक्षात आलं की चाकं नेण्यात जागा फुकट जाते. चाकं काढली की डब्यावर डबा रचता येतो.

इथे योसेफ शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञाला बोलवावं लागेल. जन्म १८८३, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका गावात. १९१९ साली काही महिने ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री, नंतर एका बँकेचा अध्यक्ष. ती बँक १९२४ च्या सुमारास गाळात गेली आणि हा स्वतः कर्जात बुडाला, ते फेडायला त्याला कित्येक वर्षं लागली. धंद्याच्या वादळाबद्दल पुस्तकी बोलणारा तो नव्हता, एवढं तरी म्हणता येईल. १९३२ पासून हार्वर्डमध्ये शिकवलं आणि १९५० साली वारला, म्हणजे कंटेनर त्याने पाहिला नाही.

त्याच्या विचारातला पहिला मुद्दा असा, की शोध लावणारा आणि उद्योजक ही दोन वेगळी माणसं. माल डब्यात घालून पाठवायची कल्पना मॅकलीनच्या आधीची, युरोप-अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या अनेक वर्षं असे डबे वापरत होत्या. मॅकलीनने नवीन वस्तू शोधली नाही. ट्रक, जहाज, क्रेन, गोदाम आणि दरपत्रक या सगळ्यांची नव्याने जुळणी केली. जहाज कंपन्यांना वाटत होतं की आपला धंदा जहाजं चालवण्याचा. याला वाटत होतं की धंदा माल पोचवण्याचा आहे. त्यामुळेच तो बाहेरचा असणं कामी आलं. घोड्यांच्या टपालगाड्या एकामागून एक कितीही जोडल्या तरी त्यातून आगगाडी तयार होत नाही, असं शुंपेटरने म्हटलं होतं. आगगाडी आणणारेही बहुधा टपालगाडीवाले नसतात.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि यशोगाथा सांगताना नेमका हाच गाळला जातो. उद्योजकाकडे कल्पना असते, भांडवल नसतं. जुन्या धंद्याकडे भांडवल असतं, पण ते जुन्या कामात अडकलेलं. ते सोडवून नव्या माणसाच्या हाती द्यायचं काम बँक करते. म्हणून शुंपेटरच्या मांडणीत सावकार हा उद्योजकाइतकाच महत्त्वाचा. मॅकलीनला वॉटरमन ही जहाज कंपनी हवी होती आणि नॅशनल सिटी बँकेतल्या वॉल्टर रिस्टन या तरुण अधिकाऱ्याने त्याला ४ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज मिळवून दिलं. जी कंपनी विकत घ्यायची तिच्याच मालमत्तेच्या जोरावर हे कर्ज उभं राहिलं. हाच रिस्टन पुढे त्या बँकेचा प्रमुख झाला. शिवाय सरकारी नियमांमुळे ट्रक कंपनीच्या मालकाला जहाज कंपनी ठेवणं अवघड होतं. मॅकलीनने जमलेला ट्रकचा धंदा विकून टाकला. हातातलं भरलेलं ताट बाजूला सारणारे फार थोडे असतात.

तिसरा मुद्दा स्पर्धेचा. पाठ्यपुस्तकात स्पर्धा म्हणजे दोन दुकानदारांनी एकाच साबणाचा भाव चार आण्यांनी कमी-जास्त करणं. शुंपेटर म्हणाला, खरी स्पर्धा ही नव्हेच. खरी स्पर्धा नव्या वस्तूची, नव्या पद्धतीची, नव्या बाजाराची, आणि ती जुन्या कंपनीच्या नफ्यावर नाही, तिच्या अस्तित्वावर घाव घालते. या घडामोडीसाठी ‘सर्जक विध्वंस’ हे नाव त्याने १९४२ साली लोकप्रिय केलं. त्याच्या मते भांडवलशाहीचा हा दोष किंवा अपघात नसून तिचं चालणंच असं आहे.

मात्र हा विध्वंस एका रात्रीत होत नाही. ‘आयडियल एक्स’नंतरची दहा वर्षं तर नुसत्या गोंधळाची होती. मॅकलीनचे डबे ३५ फुटांचे, पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅटसन कंपनीचे २४ फुटांचे. एकाचा डबा दुसऱ्याच्या जहाजावर बसेना. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय समित्यांनी २० आणि ४० फूट ही मापं पक्की केली, म्हणजे ज्या दोन कंपन्यांनी हा धंदा सुरू केला त्यांपैकी एकीचंही माप प्रमाण ठरलं नाही.

कंटेनरच्या जवळ उभं राहायची संधी मिळाली तर त्याचा कोपरा जरूर बघा. आठही कोपऱ्यांवर ओतीव पोलादाचा एकेक ठोकळा असतो आणि त्याला लांबट गोल भोकं. खालच्या ट्रेलरवर किंवा खालच्या डब्यावर असलेला खुंटा या भोकात शिरतो आणि दांडा फिरवला की आडवा होऊन अडकतो. क्रेनही याच भोकांना धरून डबा उचलते. ही युक्ती मॅकलीनकडच्या कीथ टँटलिंगर या अभियंत्याची, आणि तिचं पेटंट होतं. १९६३ साली मॅकलीनच्या कंपनीने पेटंटवरचा हक्क सोडून दिला, कुणीही फुकट वापरा म्हणून. यात औदार्य किती आणि हिशेब किती हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते हिशेबच जास्त होता, आणि तो शहाणपणाचा होता. सगळ्या जगाचा डबा एकसारखा झाला तरच त्याच्या जहाजांना धंदा मिळणार होता. बाजारातली स्पर्धा सुरू होण्याआधी कुणीतरी कोपऱ्यातलं भोक सारखं करावं लागतं, आणि हे काम बाजार आपणहून करत नाही.

मग व्हिएतनाम युद्ध आलं. तिथल्या बंदरांत अमेरिकी लष्कराच्या मालाचा खोळंबा झाला होता. १९६७ साली मॅकलीनच्या सी-लँड कंपनीने कॅम रान्ह बेला कंटेनर न्यायला सुरुवात केली. जाताना जहाजं भरलेली, येताना रिकामी. रिकामं कशाला यायचं, म्हणून ती जपानमार्गे वळली आणि जपानी कारखान्यांचा माल अमेरिकेत येऊ लागला. नव्या व्यवस्थेच्या पायाशी अनेकदा सरकारी खजिन्यातला पैसा असतो. उद्योजकांच्या आत्मचरित्रांत त्याचा उल्लेख जरा हळू आवाजात येतो.

आता मोडलेल्या बाजूकडे.

कंटेनरला धक्क्यामागे सपाट, मोकळी, विस्तीर्ण जमीन लागते. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनमध्ये ती नव्हती, हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत होती. १९६२ साली तिथे एलिझाबेथचं नवं बंदर सुरू झालं आणि न्यूयॉर्कचे जुने धक्के ओस पडत गेले. लंडनमध्ये तर पंधरा वर्षांत होत्याचं नव्हतं झालं. ईस्ट इंडिया डॉक १९६७ साली, सेंट कॅथरीन पुढच्या वर्षी, शेवटचे रॉयल डॉक १९८१ साली बंद. थेम्सच्या मुखाकडच्या टिलबरी बंदरात युनियनने कंटेनर हाताळायला दोन वर्षं नकार दिला. तेवढ्या अवधीत फेलिक्सस्टो नावाच्या, आधी कुणी फारसं न ऐकलेल्या किनाऱ्यावरच्या बंदराने धंदा पळवला. ते ब्रिटनच्या गोदी कामगार योजनेच्या बाहेर होतं, त्यामुळे नोंदणीकृत गोदी कामगारांनाच काम द्यायचं हे त्या योजनेचं बंधन तिथे नव्हतं.

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या ओसाड गोद्यांच्या जागी आज कॅनरी वॉर्फचे बँकांचे मनोरे आहेत. नकाशावर पाहिलं तर नूतनीकरण झालं. पण गोदीत आकडा चालवणारा पन्नाशीचा माणूस त्या मनोऱ्यात कामाला लागला नाही. ‘सर्जक विध्वंस’ या दोन शब्दांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. ते एका दमात म्हटले जातात, आणि वाटतं की एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हातात परत मिळतं. प्रत्यक्षात विध्वंस एका पत्त्यावर होतो आणि सर्जन दुसऱ्याच. मध्ये कधी खाडी असते, कधी महासागर, कधी वीस वर्षं. सरासरी काढली की फायदा दिसतो, आणि तो खोटा नसतो. फक्त सरासरीत कुणी राहत नाही.

हा हिशेब आधीच मांडून दाखवणाराही एक जण होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोत, हॅरी ब्रिजेस हा गोदी कामगारांचा कडवा डावा नेता. यंत्रं येणारच आणि ती अडवून आपण हरणार, हे त्याने कामगारांना तोंडावर सांगितलं. १९६० साली करार झाला. कंपन्यांना यंत्रं आणायची मोकळीक, त्याबदल्यात दरवर्षी सुमारे ५० लाख डॉलर कामगार निधीत, नोंदणीकृत कामगारांना कामावरून काढायचं नाही आणि लवकर निवृत्त होणाऱ्यांना पैसे. पूर्व किनाऱ्यावर भांडण जास्त झालं, पण साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्येही काम असो-नसो, वर्षाच्या ठरावीक तासांची मजुरी देण्याचं मान्य झालं. युनियनबाहेरच्या रोजंदारीवाल्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही, हेही खरं. तरी टिलबरी आणि सॅन फ्रान्सिस्को शेजारी ठेवून पाहा. यंत्र दोन्हीकडे आलं, फरक कराराने पडला.

मुंबईत हीच गोष्ट जरा उशिरा आणि संथपणे घडली. प्रिन्सेस डॉक १८८० चं, व्हिक्टोरिया १८८८ चं, अलेक्झांड्रा म्हणजे आजचं इंदिरा डॉक १९१४ चं. मशीद बंदर, माझगाव, डॉकयार्ड रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या सगळ्या वस्त्या आणि बाजार त्या धक्क्यांच्या मागे वाढले. हेच त्यांचं वैभव आणि हीच अडचण. मागे शहर असलेल्या धक्क्याला कंटेनरचं अंगण कुठून आणायचं? २६ मे १९८९ ला खाडीपलीकडे न्हावा-शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आज देशातल्या केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या ‘प्रमुख’ बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरांपैकी साधारण निम्मे तिथून जातात. मुंबई बंदरात तेल, पोलाद, गाड्या असा माल राहिला. गोदीतली टोळी एका फटक्यात संपली नाही. नवी भरती आटली, स्वेच्छानिवृत्ती आली आणि बापाच्या जागी मुलगा लागणं थांबलं.

पलीकडच्या काठावरही जागा रिकामी नव्हती. उरण-पनवेल पट्ट्यात भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायचं ठरलं. सॅन फ्रान्सिस्कोत जे वाटाघाटीच्या टेबलावर मिळालं, ते इथे रक्त सांडून मिळालं, आणि ते प्रत्यक्ष हातात पडायला कित्येकांना अनेक वर्षं चपला झिजवाव्या लागल्या.

याच बंदराची दुसरी बाजू नाशिकला दिसते. दिंडोरी-निफाडकडची द्राक्षं पहाटे खुडली जातात, पॅकहाउसमध्ये छाटून छोट्या खोक्यांत भरली जातात, आत गंधकाचा वायू सोडणारा ‘ग्रेप गार्ड’ कागद ठेवला जातो. काही तासांत ती शून्य अंशाच्या आसपास थंड करतात आणि मग रीफर, म्हणजे आतून थंड राहणारा, कंटेनर न्हावा-शेव्याला निघतो. तिथून तीन-चार आठवडे समुद्र, मग रॉटरडॅम. ही साखळी एका डब्यात बंद होते म्हणून मणी देठाला धरून राहतो. सुट्या मालाच्या जहाजात हे द्राक्ष एडनपर्यंतही टिकलं नसतं. १९९१ साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभं केलं, निर्यातीचे निकष शिकले, नाकारलेले डबे पाहून हात पोळून घेतले. शुंपेटरच्या व्याख्येत नवा बाजार उघडणाराही उद्योजकच. म्हणजे मॅकलीनच्या डब्यात निफाडचा बागायतदार उद्योजक झाला. आणि त्याच डब्याने त्याला जगाच्या लहरीलाही बांधलं. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास लांबला, भाडं चढलं.

मॅकलीनचं पुढे काय झालं? १९६९ साली त्याने सी-लँड एका तंबाखू कंपनीला विकली आणि गब्बर झाला. १९७८ च्या सुमारास युनायटेड स्टेट्स लाइन्स ही दुसरी जहाज कंपनी घेतली. तेल महाग होतं, म्हणून कमी वेगाची, कमी इंधन खाणारी बारा प्रचंड जहाजं बांधून घेतली. जहाजं आली आणि तेल कोसळलं. स्पर्धकांची वेगवान जहाजं पुढे गेली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं, डोक्यावर शंभर कोटी डॉलरहून जास्त कर्ज ठेवून. धक्का मोडणाऱ्याला धक्का बसला! शुंपेटरला यात काहीच नवल वाटलं नसतं. त्याच्या मते उद्योजकाचा जास्तीचा नफा तात्पुरता. नक्कल करणारे थव्याने येतात, दर उतरतात आणि काल नवं असलेलं आज सर्रास होतं. ग्राहकाचा फायदा खरं तर या नकलेमुळेच होतो.

पण थवा येऊच दिला नाही तर? फिलिप आघियों आणि पीटर हॉविट यांनी १९९२ साली सर्जक विध्वंसाचं गणिती प्रारूप मांडलं आणि त्यासाठी २०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना जोएल मोकिर यांच्यासोबत मिळालं. त्यांच्या कामातला एक धागा इथे लागू पडतो. प्रत्येक नवोदिताला आधीच्या नवोदिताची जागा हवी असते, आणि आधीचा ती सोडत नाही. तो नियम आपल्या सोयीचे करून घेतो, छोट्यांना विकत घेतो, जोडीदारांशी संगनमत करतो. १९९९ साली सी-लँडचा आंतरराष्ट्रीय व्यवसाय डेन्मार्कच्या मेर्स्कने घेतला. आज जगातल्या कंटेनर जहाजांच्या क्षमतेपैकी चार-पंचमांशाहून जास्त क्षमता दहा कंपन्यांकडे आहे. धंदा असा मूठभरांच्या हाती गेला की मोडतोड थांबते असं नाही, पण ती कुणाच्या सोयीने आणि कधी व्हायची, हे मूठभरच ठरवू लागतात.

धक्क्यावरचं भांडणही संपलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदरं संपामुळे बंद होती. पगारवाढ हा एक मुद्दा आणि माणसाविना चालणाऱ्या क्रेन हा दुसरा.

त्याच्या महिनाभर आधी, ३० ऑगस्टला, पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी, ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदराचा आणि बाकीचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा. न्हावा-शेव्यात मावणार नाहीत इतकी मोठी जहाजं तिथे लागतील. डहाणूकडचे मच्छीमार अनेक वर्षं या बंदराला विरोध करत आले आहेत. उरणच्या शेतकऱ्याकडे निदान सातबारा होता, त्यावरून साडेबारा टक्के काढता आले. समुद्राचा सातबारा नसतो. पिढ्यान् पिढ्या एका ठिकाणी जाळं टाकणाऱ्याचं नेमकं किती गेलं, हे कुठल्या कागदावरून मोजायचं आणि कराराच्या टेबलावर त्याच्या वतीने कोण बसणार, याची उत्तरं क्रेन उभ्या राहण्याआधी द्यावी लागतील.